पहाटे चारची आंघोळ

हरिहरेश्वरला देवळामागचा डोंगर चढून गेलं की पलीकडे दोन कड्यांच्या फटीतून खड्या पायऱ्या उतरतात आणि शेवटच्या पायरीवर एकदम समुद्र अंगावर येतो. त्या दिवशी सोमवती अमावास्या होती. अमावास्येला आमच्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सुकती सकाळी सहा-साडेसहाला. त्यामुळे प्रदक्षिणेची वाट मोकळी होती आणि खडकांवर माणसांची बरीच गर्दी होती. कुणी संकल्प सोडत होतं, कुणी पिंडदानाची तयारी करत होतं, तर कुणी नुसतंच पाण्यात पाय सोडून बसलं होतं.

कळंबोलीहून आलेली दोन शेजारी कुटुंबं माझ्या पुढे होती, एक मराठी आणि एक शीख. मराठी गृहस्थ पंचा नेसून एका खळग्यात स्नानाला उतरले. खडक शेवाळलेला होता. काठावर साठीचे सरदारजी उभे होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. एका हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सगळ्यांचे चष्मे, मोबाइल, पाकिटं. दुसऱ्या हाताने त्यांनी शेजाऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं. तीन डुबक्या होईपर्यंत धरूनच ठेवलं. मी सहज विचारलं, ‘‘तुम्ही नाही करणार स्नान?’’

‘‘झालं की भाऊ. पहाटे चारला.’’

‘‘इथे?’’

‘‘लॉजवर. बादलीत.’’ आणि मग जरा तक्रारीच्या सुरात, ‘‘गरम पाणी नव्हतं.’’

मी हसलो. तेही हसले. पुढे आपणहून म्हणाले, ‘‘पण अमृतसरला गेलो की सरोवरात उतरतो. तिथे नाही उतरलो तर ही घरात घेणार नाही.’’ ‘ही’ शेजारीच उभी होती. तिने मान डोलावली.

समुद्र समोर असताना लॉजची बादली पुरते आणि दोन हजार किलोमीटरवरच्या तळ्यात मात्र उतरावंच लागतं, हे कसं? या पुस्तकाची सुरुवात त्या खडकावर झाली. तोवर शीख धर्माबद्दल माझी माहिती आपल्याकडच्या बहुतेक वाचकांइतकीच होती: नानकांनी कर्मकांड नाकारलं, तीर्थाटन नाकारलं, एवढी एक ओळ. ही ओळ खोटी नाही. पण अर्धी आहे, आणि अर्ध्या ओळीवर आपण शंभरेक वर्षं भाषणं करत आलो आहोत.

आधी नानकांची गोष्ट. गुरू नानकांच्या (1469–1539) आयुष्याला वळण मिळालं तेच मुळी आंघोळीला गेले असताना. सुलतानपूरला ते नवाबाच्या कोठारात नोकरीला होते. एका पहाटे काली बेईं नदीवर स्नानाला गेले ते तीन दिवस परतलेच नाहीत, बुडाले असं समजून लोकांनी आशा सोडली, आणि बाहेर आले ते वेगळेच होऊन आले, असं जनमसाख्या सांगतात. जनमसाख्या म्हणजे भक्तांनी लिहिलेली चरित्रं, आपल्या महीपतीच्या संतचरित्रांच्या जातीची. त्यांना इतिहासाचा दाखला म्हणून वापरताना जपावं लागतं. पण शीख मनात काय ठसलं आहे ते त्यांच्याइतकं दुसरं काही सांगत नाही. पाण्याकडे पाठ फिरवणारा हा धर्म असता तर त्याची पहिली गोष्ट नदीत घडली नसती.

दुसरी गोष्ट हरिद्वारची. गंगेत उभे राहून लोक पूर्वेकडे ओंजळी सोडत होते. नानक शेजारी जाऊन उभे राहिले आणि पश्चिमेकडे पाणी उडवू लागले. लोकांनी विचारलं, हे काय? ते म्हणाले, पंजाबात माझं शेत आहे, त्याला पाणी देतोय. लोक हसले, इतक्या लांब कसं पोचणार? नानकांनी विचारलं, शेत तर याच पृथ्वीवर आहे, मग तुमचं पाणी परलोकात पितरांना कसं पोचतं? गोष्ट सांगताना सगळे इथे थांबतात. हरिहरेश्वरच्या विष्णुपदाशी पिंड घेऊन बसलेल्या माणसांकडे पाहताना मला तिची वेगळीच बाजू दिसली. नानक काठावर उभं राहून हिणवत नाहीत. ते पाण्यात उतरतात, सगळ्यांच्या रांगेत उभे राहतात, सगळे करतात तेच करतात, फक्त दिशा बदलतात. थट्टा आहे, पण रांगेत उभं राहून केलेली.

ग्रंथसाहिबात नानकांचं म्हणणं याहून कडक आहे. मन खोटं ठेवून तीर्थाला निघालेल्यांना ते तुंबीची उपमा देतात: कडू भोपळा वरून धुतला, आत विष तसंच. कबीरांची पदंही त्याच ग्रंथात आहेत. तेही तुंबीला अडुसष्ट तीर्थांत बुडवतात आणि कडूपणा जात नाही म्हणतात. आणखी एके ठिकाणी ते बेडकाची साक्ष काढतात: पाण्यात राहून मोक्ष मिळता तर त्यालाच आधी मिळाला असता. मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. तुकोबांनी तीर्थाहून आलेल्याला हाच सवाल केला आहे की कातडी धुतलीस, आतलं काय? आणि कडू वृंदावनाचं फळ साखरेत घोळून पाहण्याचा त्यांचा दाखला प्रसिद्धच आहे. देहूचा वाणी, काशीचा विणकर आणि सुलतानपूरचा कोठारी, तिघांच्याही हाताला एकच कडू फळ लागलं.

नामदेवांचं याहून जवळचं. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि पंजाबातल्या घुमानला त्यांच्या नावाने आजही माणसं जमतात. 2015 च्या एप्रिलमध्ये 88 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं होतं. या 61 पदांमधल्या रामकली रागातल्या एका पदात ते काशीचं तप, गंगा, गोदावरी, कुंभ, केदार, गोमतीकाठची हजार गाईंची दानं अशी यादीच मांडतात, आणि हे सगळं रामनामाच्या तोडीचं नाही म्हणून एका फटक्यात निकालात काढतात. गंमत अशी की आपल्या परंपरेत ‘तीर्थावळी’ नावाचं प्रकरण याच नामदेवांच्या नावावर आहे. ज्ञानदेवांबरोबर ते तीर्थयात्रेला निघाले, वाटेत मारवाडात तहानेने व्याकूळ झाले, विहिरीत पाणी खोल होतं, नामदेवांनी विठ्ठलाचा धावा केला आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागली. यात्रा करणारा आणि यात्रेला मोडीत काढणारा माणूस एकच.

म्हणून हे कोडं वारकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. तीर्थात काय ठेवलंय म्हणणारे अभंग गात गातच तो पंढरीला चालत जातो आणि चंद्रभागेत स्नान करतो. त्याला विसंगती बोचत नाही, कारण तो पाण्यासाठी जात नाही, माणसांसाठी जातो. शिखांचं उत्तर याच्या अगदी जवळचं आहे, फक्त त्यांनी ते जास्त नेटाने बांधून काढलं. त्यांच्या बोलीत सांगायचं तर: नाम, दान, इश्नान. स्नान काढलं नाही, तिसऱ्या जागेवर बसवलं.

आणि त्याचं पंचांग काढून घेतलं. आमच्या किनाऱ्यावर जुन्या लोकांत अजून एक नेम पाळला जातो: समुद्राला एरवी शिवू नये, समुद्रस्नान पर्वकाळीच करावं. अमावास्या, पौर्णिमा, ग्रहण. पुण्य तिथीला बांधलेलं. शीख ‘अमृतवेळा’ म्हणतात ती रोजची. रात्रीचा शेवटचा प्रहर, तिला ना तिथी ना नक्षत्र. 1945 मध्ये पक्की झालेली शीख रहत मर्यादा, म्हणजे त्यांची आचारसंहिता, सांगते की पहाटे उठावं, स्नान करावं, नामस्मरण करावं. कुठल्या पाण्यात, ते सांगत नाही. कळंबोलीच्या सरदारजींची बादली तिथून आलेली आहे. त्याच संहितेत हेही आहे की गुरुस्थानांखेरीज इतर धर्मांची तीर्थं शिखाने आपली मानू नयेत. मानू नयेत एवढंच. शेजाऱ्याचा हात धरायला मनाई नाही.

सोवळ्याबद्दल तर नानक आपल्या कोकणासाठीच लिहीत होते की काय असं वाटतं. ग्रंथसाहिबातल्या ‘आसा की वार’मध्ये ते सुतकाचा हिशेब मांडतात: गोवरीत किडे, लाकडात किडे, धान्याच्या प्रत्येक दाण्यात जीव, आणि सगळ्यांना जगवणारं पाणी हाच पहिला जीव, मग सुतक पाळायचं कुठे आणि चूल सारवायची कशी? अंग धुऊन वेगळे बसले म्हणजे शुद्ध झाले असं नव्हे, असा त्यांचा निर्वाळा. माझ्या लहानपणी आमच्या घरी सोवळ्याचं पाणी वेगळ्या हंड्यात असे आणि त्याला आमची सावली लागली तरी आजी ते ओतून देत असे. मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असतानाही. आजीशी वाद घालायची हिंमत कुणात नव्हती.

या पुस्तकातला सगळ्यात मोठा लेख तिसऱ्या गुरूंवर आहे, आणि तो का हे इथे सांगितलं पाहिजे. गुरू अमरदास (1479–1574) आधी निष्ठावान वैष्णव होते. दरवर्षी पायी गंगेला जात. वीसेक वेळा गेले असं परंपरा सांगते. साठीच्या घरात ते दुसरे गुरू अंगददेव यांच्याकडे खडूरला आले, आणि गंगेच्या या यात्रेकरूने पत्करलेलं काम कोणतं? गुरूंच्या पहाटेच्या स्नानासाठी रोज बियास नदीवरून खडूरला घागर भरून आणायची. बारा वर्षं. पावसात, अंधारात. एका रात्री विणकराच्या मागाच्या खुंटीला ठेचकाळून पडले, पण घागरीतलं पाणी सांडू दिलं नाही, अशी कथा आहे. दरवर्षी स्वतःच्या पुण्यासाठी चालणारे पाय रोज दुसऱ्याच्या आंघोळीसाठी चालू लागले.

1552 मध्ये, वयाच्या 73 व्या वर्षी, ते गुरू झाले आणि गोइंदवालला त्यांनी बावडी बांधली. चौऱ्याऐंशी पायऱ्यांची. आजही भाविक एकेका पायरीवर जपजीचा पाठ म्हणतात आणि पुन्हा खाली उतरून स्नान करतात, चौऱ्याऐंशी वेळा. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा त्याने चुकतो असं मानतात. इथे वाचक भुवया उंचावणार, आणि उंचावाव्यातच. तीर्थ नाकारून नवं तीर्थ उभं केलं म्हणायचं का? काही शीख विद्वानांनाही हा हिशेब खटकतो. माझं मत विचाराल तर पायऱ्या मोजणं लोकांनी केलं, विहीर गुरूंनी केली. त्या विहिरीशेजारी लंगर होता आणि गुरूंना भेटायचं असेल तर आधी पंगतीला बसावं लागे, कुणाच्याही मांडीला मांडी लावून. जो कुणाबरोबरही जेवला, तोच गुरूंपर्यंत पोचू शकला. गंगेवर अशी अट कुणी घातली नव्हती.

हेच अमरदास पुढे कुरुक्षेत्रालाही गेले, यमुनेवरही आणि गंगेवरही. चौथ्या गुरूंनी त्या प्रवासाचं वर्णन केलं आहे. त्यात ते स्पष्ट सांगतात की गुरू गेले ते लोकांसाठी; गर्दी तिथे होती म्हणून. नाक्यावर यात्राकर घेणारे बसले होते. पद त्यांना ‘जगाती’ म्हणतं, आपला जकातवालाच. गुरूंबरोबरच्या लोकांनी दमडीही दिली नाही आणि वसूल करणारे आपले गल्ले मोडून उठून गेले. पुण्याच्या पदात जकातीचा असा तपशील यावा हे मला फार आवडलं. तीर्थाला दार असतं, दाराशी माणूस बसलेला असतो आणि त्याच्यापुढे पेटी असते, हे कवीच्या डोळ्यांतून सुटलेलं नाही.

आता अमृतसर. 1577 मध्ये याच चौथ्या गुरूंनी, म्हणजे रामदासांनी, तळं खणायला घेतलं, पाचव्या गुरूंनी, म्हणजे अर्जनदेवांनी, त्यात हरिमंदिर उभं केलं आणि 1604 मध्ये तिथे आदिग्रंथाची, म्हणजे पुढच्या ग्रंथसाहिबाची, स्थापना झाली. मंदिराला चार दारं. चारही दिशांनी, चारही वर्णांनी यावं म्हणून, हा त्याचा अर्थ पंजाबात लहान मूलही सांगतं. पण त्याच अर्जनदेवांच्या एका पदात रामदास-सरोवरात न्हाल्याने केलेली पापं उतरतात असं सरळ म्हटलेलं आहे. आणि रोजच्या अरदासेत, जगभरातल्या प्रत्येक गुरुद्वाऱ्यात, अमृतसरच्या दर्शनाचं आणि स्नानाचं मागणं असतं. तीर्थस्नान फोल म्हणणारा ग्रंथ आणि तीर्थस्नान मागणारी प्रार्थना एकाच छपराखाली रोज ऐकू येतात.

ही गाठ सोडवायचे तीन प्रकार मला भेटले. सुधारक म्हणतात, सरोवर म्हणजे सत्संग, पाणी ही उपमा. भाविक म्हणतात, गुरूचं पाणी ते गुरूचं पाणी, त्यात कुष्ठ बरं झालं आहे. दुखभंजनी बेरीखालच्या बीबी रजनीच्या नवऱ्याची गोष्ट ते सांगतात. तिसरा प्रकार त्या सरदारजींचा, ज्यांना प्रश्नच पडलेला नाही. मी दोन वर्षं पहिल्या गटात होतो. आता नाही. उपमेसाठी कुणी तळ्यातला गाळ काढत नाही.

गाळ खरोखर काढतात. अमृतसरच्या सरोवराला रावीच्या कालव्याचं पाणी मिळतं, ‘हंसली’ नावाच्या पाटातून. कालव्याचं पाणी म्हटल्यावर गाळ आलाच. 1923 मध्ये आणि नंतर 1973 मध्ये सगळं पाणी उपसून तळ मोकळा केला गेला आणि लाखो लोकांनी डोक्यावर पाट्या घेऊन चिखल वाहिला. त्याला ते कारसेवा म्हणतात. त्यात रेशमी कपड्यातल्या बायका आहेत, शेतमजूर आहेत, वकील आहेत, सगळ्यांच्या अंगावर एकच काळा राडा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये गावविहिरीचा गाळ काढतात तेव्हा खाली उतरणारा, मधल्या पायरीवरचा आणि काठावरचा, अशी ओळ लागते. घमेली हातोहात वर येतात. त्या दिवशी विहिरीत उतरणाऱ्याची जात कुणी विचारत नाही. दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा विचारतात, ते सोडा. तीर्थाला जाणं म्हणजे पाणी घेणं एवढंच आपण धरतो; इथे घेण्याआधी उपसावं लागतं.

चार दारं असली म्हणून सगळे आत येतात असं मात्र नाही, आणि हे लपवून पुस्तक लिहिणं अप्रामाणिकपणाचं झालं असतं. 1920 च्या ऑक्टोबरात अमृतसरला जालियनवाला बागेत खालच्या मानलेल्या जातींतून शीख झालेल्यांची परिषद भरली. 12 तारखेला ती मंडळी कडाह प्रसाद घेऊन हरिमंदिरात गेली. पुजाऱ्यांनी त्यांचा प्रसाद अर्पण करायला नकार दिला. वाद झाला. शेवटी ग्रंथ उघडून त्यातला हुकूम घ्यायचं ठरलं, तो प्रसाद आणणाऱ्यांच्या बाजूने निघाला आणि पुजाऱ्यांना प्रसाद घ्यावा लागला. त्या दिवसाच्या धक्क्यातूनच महिन्याभरात शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती जन्माला आली. नानकांनी सुतकावर लिहून चारशे वर्षं झाल्यावर, त्यांच्याच ग्रंथासमोर.

सात वर्षांनी असाच प्रसंग आमच्या सावित्रीकाठी घडला.

सावित्री महाबळेश्वरला उगवते, पोलादपूर-महाडवरून येते आणि हरिहरेश्वर-बाणकोटच्या मुखाशी समुद्राला मिळते. बागमांडल्याहून वेसवीला जाणाऱ्या फेरीबोटीत उभे राहिलात तर तुमच्या खालचं पाणी अर्धं समुद्राचं, अर्धं महाडचं असतं. त्या महाडात 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. 1923 च्या ऑगस्टात मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव संमत केला होता, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठरावही केला होता; कागदावर तळ्याला दारच नव्हतं. तरी नंतर गावात मारहाण झाली आणि सनातन्यांनी तळ्याची शुद्धी केली. 108 घागरी पाणी काढून त्यात दही, दूध, शेण, गोमूत्र मिसळून मंत्रोच्चारात ते परत तळ्यात ओतलं.

अमरदासांची घागर आणि या 108 घागरी मी शेजारी शेजारी ठेवतो. ठेवू नयेत असं एका मित्राचं मत होतं, दोन घटनांत पावणेचारशे वर्षांचं आणि हजारेक मैलांचं अंतर आहे म्हणून. अंतर आहेच, आणि महाडचा सत्याग्रह शिखांकडे पाहून झाला असंही मी म्हणत नाही. तो कायद्याचा, नागरिकत्वाचा लढा होता; 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला. पण डिसेंबर 1927 च्या महाडमधल्या भाषणात बाबासाहेबांनी जे सांगितलं ते मला तीर्थावरचं मराठीतलं सगळ्यात सडेतोड भाष्य वाटतं. त्यांचा आशय असा: या तळ्याचं पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, आजवर ते न पिता आपण मेलोही नाही, इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे ठरवण्यासाठी तळ्यावर जायचं आहे. पाण्यात अमृत नाही, काठावरच्या बरोबरीत आहे, हे अमृतसरच्या चार दारांना कळायला हवं होतं, आणि 1920 च्या पुजाऱ्यांना कळलं नव्हतं.

पुढे धागा खरोखर जुळतो. 13 ऑक्टोबर 1935 च्या येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेनंतर बाबासाहेब शीख धर्माचा गंभीरपणे विचार करत होते. 1936 च्या एप्रिलमध्ये ते अमृतसरच्या शीख मिशनरी परिषदेला गेले. 1937 मध्ये माटुंग्याला खालसा कॉलेज निघालं ते याच संबंधातून. धर्मांतर अखेर 1956 मध्ये नागपूरला झालं आणि ते बौद्ध धम्मात. असं का झालं यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. या पुस्तकाचा तो विषय नाही आणि त्यावर मी पान खर्च केलेलं नाही.

महाराष्ट्रातलं शिखांचं मोठं ठाणं समुद्रावर नाही, गोदावरीवर आहे. 1708 च्या ऑक्टोबरात गुरू गोविंदसिंगांनी नांदेडला देह ठेवला आणि त्याआधी गुरुपद ग्रंथाला दिलं. आज तिथे दिसतं ती तख्त सचखंड हुजूर साहिबची इमारत महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात उभारली. तिथे रोज उत्तररात्री एक सेवक गोदावरीवर जाऊन घागर भरतो आणि त्या पाण्याने अंगीठा साहिबची, म्हणजे गुरूंच्या अंत्यसंस्काराच्या जागेची, धुलाई होते. त्या सेवकाला घागरिया सिंघ म्हणतात. दिवाळीच्या सुमारास तख्त स्नान असतं: सारी संगत नदीवरून घागरी आणते, तख्ताची धुलाई होते, गुरूंची शस्त्रं धुतली जातात. अमृतसरच्या कडक सुधारकाला हे सगळं जरा हिंदू वाटतं. नांदेडच्या माणसाला अमृतसरवाले जरा कोरडे वाटतात. मला एवढंच दिसतं की इथे माणूस तीर्थात न्हात नाही, माणसं पाणी आणून जागेला न्हाऊ घालतात. आणि घागर तीच.

त्र्यंबकेश्वरचा मामला आणखी निराळा. कुंभात तिथे कुशावर्तात जे आखाडे उतरतात त्यांत दोन उदासीन आणि एक निर्मल असे तीन आखाडे नानकांची परंपरा सांगणारे आहेत. उदासींचे मूळपुरुष श्रीचंद हे नानकांचे थोरले चिरंजीव. तीर्थाला निघालेल्यांना तुंबीची उपमा देणाऱ्या बापाच्या मुलाचे अनुयायी पर्वकाळ साधून शाही स्नान करतात. खालसा त्यांना आपलं म्हणत नाही, ते स्वतःला परके मानत नाहीत. या प्रकरणी मी निवाडा दिलेला नाही. ‘कुशावर्त’ हे प्रकरण वाचून वाचकांनी द्यावा.

काही किरकोळ खुलासे. ‘गुरुद्वारा’, ‘सिंघ’, ‘इश्नान’ हे शब्द जिथे शिखांच्या तोंडचे आहेत तिथे तसेच ठेवले आहेत; रणजितसिंग, गोविंदसिंग ही नावं मराठीत रुळली आहेत तशी. पदं उद्धृत करण्याऐवजी त्यांचा आशय दिला आहे, कारण गुरुमुखीतला नाद देवनागरीत उतरवताना माझी त्रेधा उडाली आणि अर्धवट उतरवलेलं पद पोथीत असू नये असं एका ग्रंथींनी बजावलं. त्यांचं ऐकलं. ‘दक्षिण काशी’ हा शब्दही मी टाळला आहे. हरिहरेश्वरला ती पदवी आहे, तशी पैठणला आहे, वाईला आहे, कोल्हापूरला आहे. दक्षिणेत काश्या इतक्या झाल्या की खऱ्या काशीलाच कुणी ‘उत्तर हरिहरेश्वर’ म्हणायला हरकत नाही.

पुस्तक क्रमाने वाचायची गरज नाही. ज्यांना वाद हवा त्यांनी गोइंदवालच्या बावडीपासून सुरुवात करावी, ज्यांना आपलं माणूस हवं त्यांनी नामदेवांपासून. महाडचं प्रकरण मात्र तिथे जाऊन, तळ्याच्या पायरीवर बसून वाचावं. एस. टी. स्टँडपासून तळं फार लांब नाही.

आणि पुस्तक वाचून कुणी हरिहरेश्वरला येणार असेल तर एकच सांगणं. अमावास्या-पौर्णिमेला प्रदक्षिणेची वाट सकाळी नऊच्या आत संपवा. त्यानंतर भरतीचं पाणी खडकांवर चढू लागतं आणि बाराला ती वाट राहत नाही.